हात द्यायचा नाय

वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसात आता मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून मिळतात. परवा मी विठ्ठलवाडीला आलेली, लेकाची औषधं घ्यायला, तर पाय आपले त्या जिन्याकडेच वळले. खालचं पापडाचं दुकान आहे अजून. शेठ म्हातारा झालाय, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा आहे, पण मला आवाजावरून ओळखलं. "अरे, वकील साईं की बाई! बैठो, पापड खाओ." तसाच भाजलेला पापड नि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी बोलली, "शेठ, तुम्ही अजून आहात?" तर बोलतो कसा, "क्या करें, ऊपर से समन्स ही नहीं आया." तुम्ही असतात तर हसला असतात, तुमचं ते नाकातून, आवाज न करता. वर मात्र मी गेली नाय. पापड खाल्ला, पाणी प्यायली नि परत फिरली. खरं तर तुमच्याकडेच आलेली. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मला ठाऊक आहे, डोकं ठिकाणावर आहे माझं अजून. पण सोमवारी माझ्या लेकाची कोर्टात साक्ष आहे नि मला दुसरं कोण विचारायला नाय.

लेक माझा फर्निचरच्या कामात. उल्हासनगरच्या मार्केटातून गिऱ्हाइकाकडे कपाट नायतर पलंग गेला की मागून हा जायचा, जोडून द्यायला. अंबरनाथवरून बदलापूरला बाईकवर येत होता, पाठीला ड्रिल मशीनची बॅग, नि टँकरने मागून उडवला. जीव वाचला. उजवा हात खांद्यापासून नुसता लटकतो, मूठ वळत नाय, नि उजवा पाय गुडघ्यात वाकत नाय. टँकरच्या विमा कंपनीचं म्हणणं असं की बसून करायची कामं हा आरामात करेल, म्हणजे मोठं असं काय झालेलंच नाय. आता ह्यानेच कल्याणच्या कोर्टात उभं राहून सांगायचंय की काय झालंय. नि हा सांगत नाय. वकिलाला नाय, बायकोला नाय, मला तर नायच नाय. विचारलं की बोलतो, "आई, मी एकदम टकाटक. तुझंच तोंड दुखत असेल बडबड करून." जीभ माझीच घेतलीय मेल्याने. बाकी सगळं बापाचं, ते गप्प बसणं पण.

तुम्ही मोरिवलीला आमच्याकडे पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? आमचे हे तेव्हा खाटेवर. कंपनीत भरलेलं पिंप सुटलं नि ह्यांच्या कमरेवर आलं होतं. कोणी तरी तुमचं नाव सांगितलं, अपघातात हातपाय गेलेल्यांच्या केसेस घेणारा वकील आहे, निकाल लागेपर्यंत फीसाठी मागे लागत नाय. नि तुम्ही निरोप धाडलात, मी घरी येतो. घरी! आमच्या गावात वकील कोणाच्या घरी आलाच तर जप्तीला यायचा. मी काय केलं सांगू? शेजारणीकडून दोन खुर्च्या आणल्या, चांगल्या कपबश्या आणल्या. ह्यांना आंघोळ घातली, दाढी केली, लग्नातला शर्ट चढवला, पाठीला उशा लावून बसतं केलं. खाटेखालचं भांडं मोरीत लपवलं. घरभर उदबत्ती फिरवली. कांदेपोहे केले, वर खोबरं. तुम्ही बसलात, पोहे खाल्लेत, इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत. ह्यांना विचारलंत, "कसं वाटतंय?" हे बोलले, "मस्त आहे साहेब, तुम्ही घ्या ना अजून." तुम्ही घेतलेत. बशी खाली ठेवलीत नि मला बोललात, "बाई, पोहे झकास झालेत. केस मेली."

मला कळेचना. मी बोलली, "म्हणजे मीठ जास्त पडलं का?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चिडलात. "मी पाव्हणा नाय, बाई. माझ्यापुढे तुम्ही सगळं झाकलंत, उद्या कोर्टापुढे पण झाकाल. जजसाहेब बोलतील, माणूस मजेत आहे, शर्ट इस्त्रीचा आहे, जाऊ द्या घरी." उठलात, चपला घातल्यात. "परत येईन. सांगून येणार नाय." मी तुमच्या पाठीमागे तुमची नक्कल केली, ह्यांना हसवायला, मान वाकडी करून, "केस मेली, केस मेली." हे हसले नि हसताना कमरेत कळ उठली नि रडले. ते तुम्ही दारातून बघितलंत. मला वाटलं होतं तुम्ही गेलात.

मग एका सकाळी आलात, न सांगता, मी स्टो पेटवत होती तेव्हा. खुर्च्या शेजारणीला परत गेलेल्या. तुम्ही बालदी पालथी घातलीत नि माझ्या स्वयंपाकघरात बसलात. ह्यांना कुशीवर वळवताना हे ओरडतात, मी एका हाताने त्यांना धरते नि दुसऱ्याने चादर ओढते, तिकडे दूध उतू जातं, लेक शाळेच्या चड्डीत उभा राहून डबा मागतो, सगळं तुम्ही बघताय. मला इतकी लाज वाटली की रागच आला. "आता तरी चहा घ्या." तर तुम्ही बोललात, "चहा पाव्हण्याला. मी कामावर आलोय." जाताना ह्यांच्या खाटेपाशी थांबलात नि विचारलंत, "अपघात कसा झाला ते कागदात आहे. मला अपघातानंतरची सकाळ सांगा. उठल्यापासून." आणि मला बोललात, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी नळावर जाऊन बसली. आत किती वेळ लागला काय माहीत. माझ्या नवऱ्याने जे मला कधी सांगितलं नाय ते तुम्हाला सांगितलं, ह्याचा मला फार राग होता. नंतर तुमच्या ऑफिसात लागली तेव्हा बघितलं, तुम्ही सगळ्यांच्याच बायकांना, आयांना बाहेर बसवायचे.

कोर्टातला दिवस तर तुम्ही विसरणं शक्यच नाय. ठाण्याचं कोर्ट. हे कुबड्यांवर. साक्षीच्या पिंजऱ्याला एक पायरी होती, लाकडी, आपल्या देवघराच्या पाटाएवढी. एवढीशी. हे तिच्यापाशी गेले नि मी पुढे सरली, तेवढ्यात तुम्ही माझ्या ह्या हातात फायलींचा गठ्ठा दिलात नि त्या हातात तुमची ती खाकी पिशवी. "धरा." मी धरलं. ह्यांनी कुबडी वर टेकवली, ती सरकली. परत टेकवली. पाय वर येईना. टायपिंगवाल्या बाईचा हात थांबला. कपाळावरून घाम गळून शर्टावर पडतोय, नि मी दोन हातात वजन घेऊन उभी. शेवटी जजसाहेबच बोलले, "अरे, खाली खुर्ची द्या कोणी तरी त्यांना." त्यानंतर समोरच्या वकिलाने काय काय विचारलं, काय फरक पडला नाय. जजसाहेबांना जे बघायचं ते बघून झालं होतं.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला बोलली, "साहेब, फी पण मीच द्यायची नि हमाली पण मीच करायची काय?" तुम्ही बोललात, "हात रिकामे असते तर तुम्ही त्यांना धरलं असतं."

"मग? बायको आहे मी त्यांची."

"म्हणूनच तर. तुम्ही धरलंत की दिसत नाय कोणाला. घरात रोज धरता ना? कोर्टात हात द्यायचा नाय."

तुमचं खरंच होतं. रिक्षात बसल्यावर हे मला हळूच बोलले, "तू हात का नाय दिलास गं?" मी बोलली, "हात भरलेले होते की, दिसले नाय का? तुमच्या वकिलाने मला गाढव केलं." हे हसले थोडे. पण मग स्टेशन येईपर्यंत बाहेरच बघत बसले. निकाल आपल्या बाजूने लागला तेव्हा हे नव्हते. त्यामुळे ते परत विचारायला पण आले नाय नि मला पण दुसरं काय उत्तर सुचलं नाय.

तुम्ही मला कामाला ठेवलंत, झाडू नि चहा. पण चहापेक्षा माझं तोंडच जास्त कामाला आलं, ते तुम्ही मान्य करायचे. बायका यायच्या, कोणाचा नवरा क्रेनखाली, कोणाचा बाप डम्परखाली, नि तुमच्यासमोर बसल्या की सगळ्यांचे नवरे देवमाणूस. मी चहा देताना विचारायची, "घोरायचा का गं?" तशी ती हसायची, मग रडायची, मग खरं बोलायला लागायची. तुम्ही फायलीत तोंड घालून ऐकत बसायचे. बाकीचे वकील तुम्हाला चिडवायचे, मोडक्यातोडक्यांचा वकील म्हणून. त्यांच्याकडे बिल्डर, शेठलोक, तुमच्या बाकड्यावर कुबड्या. तुम्हाला कोट एकच, कोपरावर चकाकणारा. मी बोलायची, "साहेब, कोटात तोंड बघून भांग पाडता येईल." इतकी वर्षं तुमच्याकडे काढली पण तुम्ही कुठून आलात, ह्याच कामात का पडलात, ते तुम्ही कधी बोलला नाय. दुसऱ्यांना मात्र उठल्यापासून विचारायचं. दात कोण घासून देतं, घास कोण भरवतं. आणि ज्याच्या हाताला काय झालेलं असेल त्याला एक ठरलेला प्रश्न, "नाडी कोण बांधतं?" बाप्ये लाजून मरायचे. एकदा मी बोलली, "काय हो साहेब, तुम्हाला ह्या अख्ख्या उल्हासनगरच्या नाड्यांची काय पडलीय?" वाटलं हसाल. तुम्ही माझ्याकडे बघितलं पण नाय. फाईल मिटलीत, उठलात नि खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. त्या दिवशी मी दिलेला चहा तसाच थंड झाला.

मग कधी तरी तुमचे वडील, आण्णा, आले ऑफिसात, पहिल्यांदाच. पांढरा पायजमा, टोपी, नि उजवा हात सदऱ्याच्या खिशात. कोणी समोर आलं की डाव्या हाताने नमस्कार. तुमच्यासमोर अशील बसलेला, जोरात बोलणं चाललेलं. आण्णा मला हळूच बोलले, "बाई, संडास कुठे?" मी दाखवला. जरा वेळाने आतून खोकले, नुसता एक खोकला, नि तुम्ही अर्ध्या वाक्यात उठलात. कॉरिडॉरमध्ये मी बघितलं. तुम्ही त्या कोटात, गुडघ्यावर बसून आण्णांची नाडी बांधत होता. आण्णांनी हात खिशातून काढलेला. बोटं नव्हतीच, नुसता अंगठा. मी दिसली तसे आण्णा बोलले, "एवढा मोठा वकील झाला, पण ह्याची पहिली प्रॅक्टिस हीच हो. शाळेत जायच्या आधी रोज एक केस." नि हसले. तुम्ही हसला नाय.

ते गेल्यावर मी विचारलं नाय, तुम्हीच सांगितलंत, खिडकीकडे तोंड करून. अंबरनाथला पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, आण्णांची बोटं तिथल्या प्रेस मशीनमध्ये गेली. मालकाने दुसऱ्या आठवड्यात वॉचमन केलं, अंगावर खाकी चढवली नि विषय मिटला. केस नाय, काय नाय. तुम्ही दिवसा कोर्टाबाहेर टायपिंग केलंत नि संध्याकाळी कॉलेज करून वकील झालात, तोवर कारखाना पण बंद पडलेला. मी बोलली, "मग आता आण्णांना विचारा की. उठल्यापासून." तुम्ही बोललात, "अख्ख्या जगाला विचारलं, बाई. त्यांना एकदा पण नाय विचारलं, दुखतं का. रोज नाडी बांधली नि रोज क्रिकेटच्या गप्पा मारल्या." एवढं बोलून मला झापलंत, "आणि तुम्ही काय उभ्या राहिलात? बाकड्यावर माणसं बसलीत, चहा विचारा." ते झापणं मला कळलं होतं. म्हणून तर मी त्या वेळेला उलट बोलली नाय. बहुतेक एकदाच.

तेव्हा वाटलं होतं, शिकलेला माणूस आहे, उगाच कठीण करून ठेवतो. बापाला विचारायला काय लागतं? आता मला विचारा. आम्ही बदलापूरच्या मांजर्लीला राहतो आता, दुसऱ्या माळ्यावर, नदीला पाणी आलं की खालच्यांचं सामान आमच्या जिन्यात येतं. लिफ्ट नाय. लेक खाली उतरतच नाय. सून पहाटे जाते, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला, मग घरात आम्ही दोघं. रोज सकाळपासून मी बघते. तो इलास्टिकची पॅन्ट घालतो नि तीच रात्रीपर्यंत ठेवतो. जीन्सचं घर आमचं, नि ह्याची एक पण जीन्स दोरीवर येत नाय आता. मला दिसतं ना, साहेब. तुम्हीच बघायला शिकवलंत. बटण नको, चेन नको, कोणाला हाक मारायला नको. मोरीत जातो नि नळ मोठा सोडतो, आतला आवाज येऊ नये म्हणून. मी बाहेर उभी, तोंडाशी प्रश्न आलेला. नि बोलते काय, "अरे, टाकी रिकामी करतोस का?" तो आतून बोलतो, "बिल्डरला सांग, नदी जोडून दे." दोघं हसतो. संपलं. लोकांच्या बायकांना बोलतं करणारी मी, माझ्या लेकापुढे नुसती विनोद करत बसलीय. तो पण. आमच्या घरात सगळ्यात जास्त हसायला येतं नि कोणाला काय कळत नाय.

गेल्या रविवारी वकिलीणबाई आली. अंबरनाथची आहे, तरणी, स्कूटीवर फिरते, पाठीला कॉलेजची असते तशी बॅग. येणार ते कळवून आली, तिथेच चुकली. ह्याने सकाळीच डाव्या हाताने दाढी केली, हनुवटीला दोनदा कापून घेतलं, बायकोकडून इस्त्रीचा शर्ट चढवून घेतला नि खुर्चीत असा बसला जसा काय मुलगी बघायला आलीय. "या मॅडम. आई, पोहे टाक." मी कांदा चिरायला घेतला नि माझा हात थांबला. खोबरं किसून ठेवलेलं, शेजारचे कप आणलेले. कोणी आणलेले? मीच, साहेब. तुमच्याकडे एवढी वर्षं काढून मीच आणलेले. बाहेर वकिलीणबाई विचारतेय, "त्रास काय काय होतो?" नि हा बोलतोय, "त्रास कसला, मॅडम? कामाला जायचं नाय, शेठची कटकट नाय. तुम्ही खा ना." ती लिहायला लागली पण लिहायला काय नव्हतं.

मी बाहेर आली नि बोलली, "मॅडम, पोहे नाय मिळणार. पोह्यांनी केस मरते." दोघं बघायला लागले. लेक बोलला, "आई, काय पण काय?" मी बोलली, "तुझ्या बापाची मरत होती." पुढे मला बोलता येईना. बोलायचं होतं की सांग रे हिला, उठल्यापासून सांग, नळ का सोडतोस ते सांग. नाय आलं. ती पोरगी हुशार आहे. पेन बॅगेत टाकलं नि मला बोलली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी जिन्यात जाऊन बसली. सून पण आली माझ्या मागे, बसली खालच्या पायरीवर. दार नुसतं लोटलेलं होतं. मला तुम्ही ओळखता, अख्ख्या चाळीच्या भिंतींना कान लावलेली बाई मी. सुनेने मला विचारलं पण, "आई, ऐकू येतंय का काय?" मी बोलली, "नाय, त्या वरच्यांचा टीव्ही किती मोठा आहे." टीव्ही लागलेलाच नव्हता. मी उठून दोन पायऱ्या अजून खाली गेली. तेव्हा मला कळलं तुम्ही बाहेर का बसवायचे. आम्ही मधे बोलून त्यांना शिकवू म्हणून नाय. आमच्यासमोर त्यांना ते बोलता येत नाय, नि बोलले तर आम्हाला ऐकवत नाय. नळावर बसून तुम्हाला दिलेल्या शिव्या आता परत घ्यायच्या म्हटल्या तरी तुम्ही नाय.

वकिलीणबाई बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालेलं. मला काय सांगितलं नाय, मी विचारलं नाय. चपला घालता घालता बोलली, "मावशी, सोमवारी एक लक्षात ठेवा. पिंजऱ्याला पायरी आहे. ते चढतील तेव्हा तुम्ही हात देऊ नका."

मी बोलली, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी असं नाय. अपघाताच्या केसमध्ये आम्ही सगळेच सांगतो."

तुमचं नाव तिला माहीत पण नाय, साहेब. फोटो नाय कुठे, नि तुमचं बोलणं कल्याणच्या कोर्टात पोरीबाळी बोलतात. मला हसायला पाहिजे होतं. मी बोलली, "नाय देणार, बाळ. मी जुनी आहे ह्या धंद्यात."

काल हा जेवताना, डाव्या हाताने आमटीभात कालवताना, एकदम बोलला, "आई, ती पायरी केवढी असते गं?" वर बघितलं नाय. मी अंगठा नि बोट लांब करून दाखवलं, एवढीशी. तो बोलला, "मग ठीक आहे." नि परत ताटात बघायला लागला. ह्या वेळेला दोघांपैकी कोणाला विनोद सुचला नाय.

हे पत्र आमच्या रॉकेलच्या जुन्या डब्यावर ठेवून लिहितेय, सातवीपर्यंतच्या अक्षरात, कुठे पाठवायचं ते माहीत नसताना. सोमवारी तो चढेल नि मी बाजूला उभी राहीन. परत कोणी मला रिक्षात विचारेल. वकिलीणबाईला मी शब्द दिलाय, पण तुमच्यापाशी खोटं कशाला, माझा काय भरवसा नाय. तुम्ही जाताना मला दिलेली ती खाकी पिशवी पत्र्याच्या पेटीतून काढलीय, धुतलीय. वेळ आली की दोन्ही हातांनी तिला धरीन असं ठरवलं होतं. आज धरून बघितली, आरशापुढे. एका हातातच मावते, साहेब. दुसरा हात रिकामा राहतो.